‘आहे’, ‘होय’ आणि ‘नव्हे’

एप्रिल लागला की रत्नागिरीच्या बाजारात दिवसातून कितीदा तरी ऐकू येणारा हा संवाद. गिऱ्हाईक विचारतं, “हापूस आहे?” टोपलीमागची बाई सरळ असली तर सांगते, “आंबा गोड आहे, घ्या. पण हा हापूस नव्हे.” गिऱ्हाइकाने विचारलं ते ‘आहे’ अस्तित्वाचं, माल आहे की नाही, एवढंच. बाईचं ‘आहे’ गुणाचं. आणि तिचं ‘नव्हे’ ओळख नाकारणारं. वस्तू समोर आहे, ती गोडही आहे, पण ती ‘ती’ नव्हे. भाषा, सत्य आणि असणं यांच्या नात्याबद्दल गेली सव्वाशे वर्षं तत्त्वज्ञानात जो वाद चालू आहे, त्याचा बराचसा ऐवज या दोन वाक्यांत आहे. हा वाद आपण मराठी माणसं बहुतेक वेळा इंग्रजीतून वाचतो आणि इंग्रजीच्याच व्याकरणाने त्याच्याकडे पाहतो. तो मराठीच्या व्याकरणातून पाहिला तर त्यातल्या काही गाठी वेगळ्या दिसतात, हे मला या आढाव्यात दाखवायचं आहे.

सुरुवात नावापासून करावी लागते. जर्मन गणिती फ्रेगे याने १८९२ साली विचारलं की पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा एकच, हे कळल्यावर आपल्या ज्ञानात भर पडते ती कशाची? वस्तू तर एकच, शुक्र. त्याचं उत्तर असं की नावाला वस्तू असते आणि त्या वस्तूकडे नेणारी वाटही असते; वाटा दोन, मुक्काम एक. पुढे १९०५ साली रसेलने फ्रान्सच्या आजच्या राजाचं प्रसिद्ध उदाहरण घेतलं. राजा नसलेल्या देशाचा राजा टकला आहे, हे वाक्य खरं की खोटं? रसेलच्या मते खोटं. स्ट्रॉसनने १९५० साली आक्षेप घेतला की खरं-खोटं ठरवण्याचा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. मराठी माणूस मात्र या वाक्याला ‘खोटं’ असं उत्तर देत नाही आणि गप्पही बसत नाही. तो म्हणतो, “अहो, फ्रान्सला राजाच नाही.” या ‘च’ने वाक्याला धक्का न लावता त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली. रसेल आणि स्ट्रॉसन ज्या जागी भांडत होते, ती जागा आपल्याकडे एका अक्षराने दाखवता येते. वाद त्याने मिटत नाही, पण तो नेमका कुठे आहे ते कळतं.

याच रसेलने १९१९ सालच्या पुस्तकात इंग्रजीतल्या एकाच क्रियापदावर दोन निरनिराळी कामं लादली गेल्याबद्दल खंत केली आहे: गुण सांगणं आणि ओळख सांगणं. सॉक्रेटिस माणूस आहे, हे एक. सॉक्रेटिस म्हणजे अमुक माणूस, हे दुसरं. मराठीत ही कामं अगदी काटेकोर वाटून दिलेली नाहीत. ‘हा माझा भाऊ आहे’ यात ‘आहे’ ओळखीचंही काम करतं. तरी व्याख्या करायची झाली की आपली पाठ्यपुस्तकं ‘होय’वर येतात: ‘त्रिकोण म्हणजे तीन बाजूंनी बंद झालेली आकृती होय’. ‘आहे’चा नकार ‘नाही’, ‘होय’चा नकार ‘नव्हे’. पहिला वस्तू किंवा गुण नाकारतो, दुसरा ओळख नाकारतो. ‘इथे हापूस नाही’ आणि ‘हा हापूस नव्हे’ यांची अदलाबदल करून पाहिली की कानाला लगेच खटकतं. शहरी बोलण्यात ‘नव्हे’ आता मागे पडत चालला आहे, त्याची जागाही ‘नाही’च घेतो. मला हे नुकसान वाटतं. कोकणातल्या बोलण्यात ‘न्हाय’ आणि ‘नव्हं’ अजून वेगळे ऐकू येतात.

मालगुंडच्या केशवसुतांचे धाकटे भाऊ मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली निघालं. रसेल-फ्रेगे यांच्या बरोबरीच्याच काळात, कोकणच्या किनाऱ्याशी नातं असलेल्या एका माणसाने मराठी वाक्याचा इतका बारकाईने विचार केला होता. दोन्ही ग्रंथपरंपरा शेजारी ठेवून वाचण्याचं काम मात्र अजून पुरतं झालेलं नाही.

नावाच्या प्रश्नाला १९७० साली अमेरिकेत सॉल क्रिपके याने कलाटणी दिली. प्रिन्स्टनला दिलेली त्याची व्याख्यानं १९८० साली पुस्तकरूपाने आली. त्याचं म्हणणं असं की नाव वर्णनामुळे वस्तूला चिकटत नाही. कुणीतरी कधीतरी नामकरण करतं आणि मग एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असं ते नाव चालत येतं. मधल्या कुणालाही वर्णन ठाऊक नसलं तरी चालतं. हे पटायला हापूससारखं उदाहरण नाही. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकर्क याच्या नावावरून ‘हापूस’ आला असं मानलं जातं. बागायतदाराला आल्बुकर्क कोण हे ठाऊक असण्याची गरज नाही, तरी त्याचा शब्द नेमक्या फळावर जाऊन पडतो.

आणि हापूस स्वतःच अशी साखळी आहे. कोय लावून हापूस उगवत नाही. उगवतो तो रायवळ. रायवळाच्या कोयीचं रोप घ्यायचं, त्याच्या कोवळ्या खोडाला चीर द्यायची, जातिवंत झाडाची काडी तासून पाचरीसारखी त्यात बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायचं. काडी जुन्या झाडाची, तीही त्याआधीच्या झाडाच्या काडीतून वाढलेली. आज बागेत उभं असलेलं प्रत्येक झाड अशा बांधणीने मागे मागे जात मूळ झाडाला जोडलेलं आहे. या कामाला आपण ‘कलम’ म्हणतो. लेखणीलाही कलम म्हणतो, आणि शब्दाचं मूळ तेच, अरबी. नाव आणि झाड, दोन्ही कलमाने पुढे जातात असं म्हटलं तर क्रिपकेचा सिद्धांत बागेत उभा राहून समजावता येतो.

पण गाठ पुढेच आहे. तीच काडी कर्नाटकात नेऊन लावली तर येणारं फळ हापूस होय की नव्हे? हिलरी पटनम याने १९७५ साली मांडलं होतं की शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या डोक्यात मावत नाही. काही भाग वस्तूच्या घडणीत असतो, काही जाणकारांकडे सोपवलेला असतो. पाणी म्हणजे काय हे पाण्याची रचना ठरवते. सोनं खरं की नाही हे सोनार ठरवतो. हा निकष लावला तर कर्नाटकातला आंबा हापूसच, झाडाची घडण तीच आहे. २०१८ साली मात्र रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या निकषाने जांभा दगडाची माती, खारा वारा आणि कातळावरचं ऊन हे सगळं ‘हापूस’ या शब्दाच्या अर्थात शिरलं. आता सीमेपलीकडचं फळ त्याच झाडाचं असूनही ‘हापूस नव्हे’ ठरू शकतं. अर्थ निसर्गाने दिला, की व्यवहाराने, की कायद्याने? पटनमला यातले पहिले दोन दिसले होते. तिसरा आपल्याकडे पेटीच्या लेबलावर छापला जातो.

मी या वादात बागायतदारांच्या बाजूचा आहे, आणि ते भावनेपोटी नाही. शब्द एखाद्या जागेशी जोडला जाणं ही अर्थाची भेसळ नव्हे. वस्तूचं असणं जर तिच्या मातीत असेल तर नावातही माती यायलाच हवी.

आता सत्याकडे. पोलंडच्या आल्फ्रेड तार्स्की याने १९३३ साली सत्याची जी व्याख्या दिली, ती ऐकायला पोकळ वाटते: बर्फ पांढरा असेल तर आणि तरच ‘बर्फ पांढरा आहे’ हे वाक्य खरं. अवतरणचिन्हांत वाक्य, अवतरणचिन्हांबाहेर जग. गणिती भाषांसाठी तिचं मोल फार मोठं आहे, आणि त्यानंतरचं सत्यावरचं बहुतेक लिखाण तिच्या अनुषंगानेच झालं आहे. मराठीत मात्र लगेच एक अडचण येते. ‘हा हापूस गोड आहे’ आणि ‘हापूस गोड असतो’ ही दोन निराळी वाक्यं आहेत. पहिलं हातातल्या फळाबद्दल. ते फळ आंबट निघालं की वाक्य खोटं पडलं. दुसरं हापूसच्या स्वभावाबद्दल. आंबट फळ हातात धरूनही माणूस म्हणतो, हापूस गोड असतो, हा कसा काय असा निघाला! कापल्यावर आत साका पडलेला, म्हणजे गर बिघडलेला आढळला तरी ‘असतो’ डळमळत नाही. मग ‘असतो’चं वाक्य कशाने खरं ठरतं? शंभरांतल्या नव्वद फळांनी? की जातीच्या लक्षणाने? गेल्या काही दशकांत इंग्रजी तत्त्वज्ञानात अशा सर्वसाधारण विधानांवर पुष्कळ लिहिलं गेलं, कारण इंग्रजीत ती ओळखायलाच कष्ट पडतात. आपण ती क्रियापदाने दाखवतो. असण्याचे दोन प्रकार, आत्ताचं असणं आणि स्वभावाचं असणं, मराठी लहान मूलही शाळेत जाण्याआधी वेगळे काढतं.

सत्याच्या दुसऱ्या बाजूला हायडेगर आहे. १९३० साली दिलेल्या आणि १९४३ साली छापलेल्या सत्यावरील व्याख्यानात तो खऱ्या सोन्याचं उदाहरण घेतो. आपण वाक्याला खरं म्हणतो तसं सोन्यालाही खरं म्हणतो; मग सत्य म्हणजे विधानाचा वस्तूशी मेळ, एवढंच कसं? त्याच्या मते विधान खरं ठरण्याआधी वस्तू उघड व्हावी लागते, समोर यावी लागते, आणि त्या उघडेपणातच सत्याचं मूळ आहे. मराठीत हा मुद्दा समजावून सांगायची फारशी गरजच नाही. खरं नाणं, खरा मित्र, खरा हापूस, खरं बोलणं: एकच विशेषण. ‘सत्य’ मात्र वस्तूला लागत नाही. ‘सत्य हापूस’ कुणी म्हणत नाही. तरीही व्युत्पत्तीने असण्याच्या जास्त जवळ आहे ते ‘सत्य’च, कारण ते ‘सत्’पासून आलं, आणि सत् म्हणजे असणारं. बोलीतला ‘खरा’ वस्तूला चिकटून राहिला आणि पोथीतलं ‘सत्य’ वाक्यात आणि व्रतात गेलं. ही वाटणी कशी झाली याचा इतिहास कुणी लिहिला तर तो आपल्या तत्त्वज्ञानाच्या इतिहासातला मोठा भाग ठरेल.

१९३५च्या व्याख्यानांत हायडेगर जर्मन ‘असणे’ या क्रियापदाची तीन मुळं सांगतो आणि त्यासाठी संस्कृतकडे येतो: अस्, भू आणि वस्. एक नुसतं असणं, दुसरं उगवणं-होणं, तिसरं वस्ती करणं. युरोपीय भाषांत ही मुळं एकमेकांत विरघळून गेली. मराठीत त्यांपैकी दोन ‘असणे’च्या रूपांतच अजून हात लावून दाखवता येतात. वर्तमानात ‘आहे’, भविष्यात ‘असेल’, पण भूतकाळात ‘होता’, म्हणजे भू धातूचा वंशज. घर काल कसं होतं हे सांगताना आपण ‘होण्या’चं क्रियापद वापरतो. तिसरं, वस्, वेगळं होऊन राहण्यात गेलं: वसणं, वस्ती.

इथे सावध राहायला हवं. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ बेन्व्हेनिस्त याने १९५८ साली असं मांडलं की अॅरिस्टॉटलने जगाचे म्हणून जे पदार्थ सांगितले ते प्रत्यक्षात ग्रीक भाषेचे व्याकरणवर्ग आहेत. पुरावा म्हणून त्याने आफ्रिकेतल्या टोगोची एवे भाषा पुढे केली, जिथे ‘असणे’ची कामं निरनिराळी क्रियापदं करतात. देरिदाने त्याला उत्तर दिलं की ‘भाषा’, ‘वर्ग’ हे शब्द वापरतानाच तू तत्त्वज्ञानाचे कपडे घालून बसला आहेस. व्याकरणाने तत्त्वज्ञान समजावून सांगणं हे बाहेर उभं राहून करता येत नाही. मला देरिदाचा हा आक्षेप पटतो. मराठीत ‘आहे’ आणि ‘असतो’ वेगळे आहेत म्हणून जगातही असण्याचे दोनच प्रकार आहेत, असं सिद्ध होत नाही. पण एका भाषेच्या व्याकरणातून उठलेला प्रश्न सगळ्या माणसांचा प्रश्न आहे असं गृहीत धरणंही तितकंच चूक. ते गृहीत तपासण्यासाठी तरी दुसरी भाषा शेजारी लागते.

असा शेजार मुद्दाम घडवून आणण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रात झाला, आणि तो या विषयातला माझ्या दृष्टीने सर्वात मोलाचा आहे. १९८३ साली पुण्यात मे. पुं. रेगे, दयाकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्याय-मीमांसेचे पंडित आणि इंग्रजीत शिकलेले तत्त्वज्ञ यांना समोरासमोर बसवलं. चर्चा संस्कृतात. विषय रसेलचा: वाक्याने व्यक्त होणारं, पण वाक्याहून वेगळं आणि कुणाच्याही मनाहून वेगळं असं ‘विधेय-आशय’ नावाचं काही असतं का, ज्याला खरं किंवा खोटं म्हणता येईल? नैयायिकांच्या मांडणीत वाक्य असतं, ज्ञान असतं आणि ज्ञानाचा विषय असलेलं जग असतं. खरं-खोटं ठरतं ते ज्ञान: वस्तू जशी आहे तशीच ज्ञानात आली तर ती प्रमा. मग हा अधांतरी लटकणारा तिसरा पदार्थ कशाला हवा? रसेलला जे उघड वाटत होतं त्याचा संस्कृतात धड अनुवादही होईना. तो होत नाही म्हणून पंडितांचं मागासलेपण ठरवायचं की रसेलची गरज तपासायची, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा बरोबरीच्या नात्याने विचारला गेला. या संवादाचं पुस्तक १९९१ साली इंग्रजी-संस्कृतात आलं. रेगे ‘नवभारत’चे संपादक होते, पुढे विश्वकोश मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांचं मराठी लेखन वाचताना जाणवतं की त्यांना हे प्रश्न मराठीत सुचत होते, इंग्रजीतून उतरवलेले नव्हते. १९७४ साली दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ निघाला, त्यामागेही हीच तळमळ होती. त्याआधी, रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात कान्ट आणि गीता एकाच मराठी वाक्यात आणून दाखवली होती.

मराठीत या प्रश्नाचं मूळ त्याहून कितीतरी जुनं आहे. ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’चं पाचवं प्रकरण सत्, चित् आणि आनंद या तीन पदांबद्दल आहे, सहावं शब्दखंडनाचं. पाचव्यात ते म्हणतात ते थोडक्यात असं: हे तीन शब्द ब्रह्माचं वर्णन करत नाहीत, ते फक्त असत्, जड आणि दुःख यांना दूर सारतात. सारून झालं की त्यांचं काम संपलं. ‘सत्’ हा शब्द असण्याला धरू शकत नाही, नसण्याला हटकू शकतो. सहाव्यात शब्दाचे उपकार मान्य करून, तो आरशासारखा आठवण करून देणारा आहे असं सांगून, मग त्याचा अधिकार काढून घेतात. विट्गेनश्टाइनने १९२१च्या ग्रंथात आपलीच वाक्यं चढून गेल्यावर टाकून द्यायची शिडी ठरवली, तिची आठवण इथे सगळ्यांना होते. साम्य खरं आहे, पण ते फार ताणू नये. विट्गेनश्टाइन शेवटी गप्प बसायला सांगतो. ज्ञानदेव शब्दाचं खंडन केल्यावर आणखी चार प्रकरणं बोलतात, आणि तिसऱ्या प्रकरणात त्यांनी वाचेचं ऋण फेडायला घेतलेलं असतं. शब्दाचं ऋण असतं, हा विचार मला युरोपीय चर्चेत इतक्या आपुलकीने कुठे भेटलेला नाही.

आता शेवटचा प्रवाह, आणि कोकणाला सर्वात जवळचा. ऑक्सफर्डच्या जे. एल. ऑस्टिनने १९५५ साली हार्वर्डमध्ये व्याख्यानं दिली, ती १९६२ साली पुस्तकात आली. काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, ती जगात काही करतात, हा त्याचा शोध. पैज लावतो, वचन देतो, नाव ठेवतो: ही वाक्यं खरी-खोटी नसतात, ती लागतात किंवा फसतात. आपल्या मीमांसकांनी वेदवाक्याचा प्राण विधीत पाहिला तो याच जातीचा विचार, आणि क्रियापदाच्या मूळ अर्थाला त्यांनी नाव दिलं ‘भावना’. आज आपण हा शब्द मनोविकारासाठी वापरतो. तिथे त्याचा अर्थ ‘व्हायला लावणं’, भू धातूचं प्रयोजक रूप. भाषेचं काम असलेलं सांगणं नव्हे, नसलेलं घडवणं. रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेल्या पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’च्या अखेरच्या खंडात मीमांसेला भरपूर जागा दिली ती उगाच नाही.

शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर बसली की मानकरी नारळ पुढे ठेवून गाऱ्हाणं घालतो. गावाच्या सीमेवरच्या देवांपासून सुरुवात करून तो एकेक मागणं मांडत जातो: पोरांना नोकरी लागू दे, कुणी जाणता-अजाणता चुकला असेल तर पदरात घे, चाकरमानी सुखरूप पोचू दे. प्रत्येक तुकड्याच्या अखेरीस जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” भवति, होइ, होय, व्हय. तो ‘हो, खरं आहे’ही आहे आणि ‘असंच होवो’ही. गाऱ्हाण्यातलं वाक्य अजून खरं नाही. ‘व्हय’ने ते खरं व्हायला लागतं. ऑस्टिन म्हणेल की अशा वाक्याला योग्य माणूस, योग्य जागा आणि रीत लागते, नाहीतर ते फसतं. गावात हे सगळ्यांना माहीत असतं. मानकऱ्याऐवजी कुणी भलत्याने घातलेलं गाऱ्हाणं गाऱ्हाणं नव्हेच. आणि एकट्याने घातलेलंही नव्हे, कारण ‘व्हय’ म्हणायला कुणीतरी हवं.

माझ्या ओळखीच्या एका वाडीत करोनाच्या वर्षी सहाणेवर पाचच माणसं होती. मुंबईची मंडळी येऊ शकली नव्हती. कुणीतरी फोन स्पीकरवर टाकून नारळाशेजारी ठेवला. मानकऱ्याने पहिलं मागणं मांडलं. पाच जणांचा ‘व्हय म्हाराजा’ झाला, आणि मग दोन क्षणांनी फोनमधून, तुटक, एकमेकांवर आदळत, तीसेक आवाजांचा ‘व्हय’ आला. म्हातारा थांबला. फोनकडे पाहत राहिला. मग त्याने पुढचं मागणं मांडलं, आणि या वेळी सहाणेवरचा ‘व्हय’ झाल्यावर तो फोनमधला ‘व्हय’ पुरता येईपर्यंत थांबला.